नादाला शिस्त लावणारे श्रीगुरु हैबतबाबा

आळंदीस श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या महाद्वारातून आत जाणारा वारकरी आधी पहिल्या पायरीशी वाकतो. पंढरीस जशी नामदेवरायांची पायरी, तशी आळंदीस ही हैबतबाबांची. कार्तिकीचा माउलींचा समाधिसोहळाही या पायरीच्या पूजनाने सुरू होतो. पायरीला हात लावणारे लाखो, परंतु या पायरीशी कोण विसावले आहे, असे नव्या वारकऱ्याला विचारले तर पुष्कळदा तो नुसता हसतो. म्हणून बाबांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. चरित्र लहान आहे. जन्माच्या तिथीपासून सगळे नोंदून ठेवावे असा तो काळ नव्हता आणि बाबांनाही त्याची हौस नव्हती. पण जे आहे ते वारीत चालणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे.

बाबांचे नाव हैबतराव पवार. सातारा जिल्ह्यातील आरफळ हे त्यांचे गाव, म्हणून आरफळकर. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. फौजेच्या तळावर आयुष्य गेलेला माणूस. फौज म्हणजे हजारो माणसे, जनावरे, राहुट्या, दाणागोटा. हे सारे रोज उठवायचे, चालवायचे आणि संध्याकाळी पुन्हा बसवायचे. कोणी कोणाच्या पुढे चालायचे आणि इशारा झाला की काय करायचे, हे ठरलेले नसेल तर शत्रू न येताही फौज मोडते. ही विद्या बाबांच्या अंगी मुरलेली होती. पुढे ती कोणाच्या सेवेला लागणार आहे, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते!

नोकरीत मिळविलेले द्रव्य घेऊन बाबा गावाकडे निघाले. वाटेत सातपुड्याच्या रानात लुटारूंच्या टोळीने त्यांना गाठले, धन लुटले आणि बाबांना एका गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली. संप्रदायाची परंपरा सांगते की बाबा त्या अंधारात एकवीस दिवस होते. तलवार गेली, माणसे गेली, उजेडही गेला. जवळ उरला तो लहानपणापासून पाठ असलेला माउलींचा हरिपाठ. तोच त्यांनी धरला आणि अखंड चालविला. इकडे टोळीच्या नायकाला पुत्र झाला. त्या आनंदात त्याला कोंडलेल्या माणसाची आठवण झाली. शिळा बाजूला केली तेव्हा बाबा नामात रंगलेले दिसले. नायकाने क्षमा मागून त्यांना द्रव्यासह सोडून दिले.

आता वाचकहो, क्षणभर या गुहेपाशी थांबू. भगवंताने भक्त राखला, ही आपली श्रद्धा आहेच. परंतु नामाने त्या एकवीस दिवसांत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. भ्यालेल्या माणसाचा श्वास आखूड होतो, छाती धडधडते, मन एकाच वाईट विचाराभोवती फिरत राहते. योगशास्त्रात पूरक म्हणजे श्वास आत घेणे आणि रेचक म्हणजे तो सोडणे. रेचक लांबला की चित्त निवते, हा प्राणायामाचा अनुभव आहे, आणि संथ श्वासाने हृदयाची गती उतरते असे आजचे डॉक्टरही सांगतात. मोठ्याने म्हटलेला अभंगाचा चरण म्हणजे दुसरे काय? चरण संपेपर्यंत श्वास सुटत राहतो आणि संपला की आपोआप भरतो. ज्याला नाक धरून बसता येत नाही त्याचाही प्राणायाम होतो, आणि वर हरीचे नाव पदरात पडते. शिवाय जेथे दिवस कळत नाही तेथे हरिपाठाचे एक आवर्तन झाले, दुसरे झाले, एवढा तरी हिशेब राहतो. अंधारात असा हिशेब राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

सुटल्यावर बाबांनी संसाराचा पाश सोडला आणि ते आळंदीस राहिले. शेजारती झाल्यापासून काकड्यापर्यंत ते माउलींच्या समाधीपुढे भजनात उभे असत, असे सांगतात. स्वतःपुरते एवढे पुरेसे होते. परंतु जे आपल्याला अंधारात तारून गेले ते सर्वांना मिळावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्याआधी तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली होती. तुकोबांच्या पादुका देहूहून आळंदीस येत आणि माउलींच्या पादुका बरोबर घेऊन पंढरीस जात. पुढे मानपानावरून कुरबुरी झाल्या. तेव्हा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्य अशी सेवा पत्करली आणि वासकरांसारखे फडकरी पाठीशी उभे राहिले. भांडणातून फुटून निघालेली गोष्ट बहुधा भांडणातच संपते. ही संपली नाही, कारण बाबांनी तिला शिस्त घालून दिली.

फौजेचा तळ त्यांनी वैष्णवांचा केला. तोच कर्णा, पण आता तो लढाईला बोलावीत नाही. पहाटे पहिला कर्णा झाला की आवरायचे, दुसऱ्याला सज्ज व्हायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली. आजही माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या क्रमाने चालतात आणि बाकीच्या मागे. दिंडीत पुढे पताका, मध्ये विणेकरी, जवळ मृदंग, दोन्ही बाजूंना टाळकरी, मागे तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या मायबहिणी. कोणत्या वेळी काय म्हणायचे याची भजनी मालिका बाबांनी लावून दिली. काकडा, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगुळ यांची रूपके, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, सायंकाळी हरिपाठ. त्यामुळे विदर्भातला वारकरी आणि कोकणातला वारकरी पहिल्यांदाच शेजारी उभे राहिले, तरी पुढचा अभंग कोणता ते दोघांनाही ठाऊक असते.

या मांडणीत एक मोठी करुणा आहे. टाळकऱ्यांची एक ओळ चरण म्हणते आणि दुसरी तो उचलते. एक गाते तेव्हा दुसरी दम घेते. नाद तुटत नाही आणि माणूसही तुटत नाही. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट. दिवे घाटाची चढण एकट्याने चढून पाहा, म्हणजे गुडघे किती बोलतात ते कळेल. तीच चढण टाळाच्या ठेक्यावर सत्तरीची आजी चढते. पाय दुखत नाहीत असे नव्हे बरं का! दुखतात, पण लक्ष पायात राहत नाही.

आम्ही अशीही माणसे पाहिली आहेत, जी घरातले माणूस गेल्यावर महिनोन्महिने कोणाशी बोलली नाहीत. त्यांना दिंडीत कोणी उपदेश करीत नाही, काय झाले म्हणून खोदून विचारीतही नाही. नुसते ओळीत घेतात, हातात टाळ देतात. पहिले दोन दिवस ओठ मिटलेले असतात. मग सासवड-जेजुरीच्या पुढे केव्हातरी धृपद तोंडात येते आणि डोळे वाहू लागतात. ते रडणे टाळांच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही, म्हणून ते मोकळे होते. ताप आला तर औषधच घ्यावे, मोडलेले हाड नामाने जुळते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एकटेपणाचे दुखणे असते, त्यावर हा उतारा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. सायंकाळी तळावर पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात. ही समाजआरती. शेकडो टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावून आरोळी देतात आणि क्षणात सर्वत्र शांतता पसरते. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, ते मालकांपुढे मांडले जाते. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू आणि उद्याच्या निघण्याची वेळ सांगून आरती होते. मानपानाच्या कुरबुरीतून जन्मलेल्या सोहळ्यात गाऱ्हाण्यालाही नादात जागा आहे. ज्या समाजात तक्रार दाबली जाते तेथे ती आतल्या आत सडते. ज्या समाजात सगळेच ओरडतात तेथे कोणाचीच ऐकू येत नाही. येथे सारे गप्प होतात, म्हणून एकाचा टाळ ऐकू येतो.

१८३६ मध्ये बाबांनी आळंदीस देह ठेवला. सोहळा सुरू करून जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. तरीही क्रम मोडला नाही. आरफळकर घराण्याकडे मालक म्हणून सोहळ्याची जबाबदारी आजही आहे. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत पायी वारी झाली नाही, पादुका मोजक्या माणसांसह एस. टी. बसने पंढरीस गेल्या. पादुका पोहोचल्या, परंपरा राहिली, आणि तरी गावोगावचे वारकरी घरात बसून तळमळले. विठोबा तर घरातही आहे. मग काय चुकले होते? शेजारच्या माणसाने चरण उचलणे चुकले होते.

अलीकडे वाटेवर मोठमोठे ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या दिसतात. आवाज इतका, की दिंडीतल्या विण्याची तार विणेकऱ्यालाही ऐकू येऊ नये. लावणाऱ्यांचा भाव वाईट नसेल, परंतु यंत्र दम घेत नाही आणि दुसऱ्याला दमही घेऊ देत नाही. शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला तरच चरण उचलता येतो. बाबांनी आवाज वाढविला नाही, त्याला क्रम दिला. तेव्हा ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींच्या प्रस्थानाला जाल, तेव्हा पहिल्या पायरीशी थोडे अधिक वाका. आणि दिंडीत उभे राहिलात, की आपला टाळ एवढाच वाजवा, की समोरच्या ओळीतल्या थकलेल्या माणसाचा स्वर तुमच्या कानी पडेल.

रामकृष्णहरि!