मरहूम ब्रिगेडियर महंमद उस्मान

वाचकहो, आपण दिल्लीस जातो तेव्हा लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, जामा मशिदीत नमाज अदा करतो. परंतु ओखला भागातील जामिया मिल्लिया इस्लामियाच्या कबरस्तानात एका शूर सेनानीची कबर आहे, तिथे आपल्यापैकी कितीजण गेले असतील? त्या कबरीतील पुरुषाची ही हकिकत आहे.

महंमद उस्मान यांचा जन्म १५ जुलै १९१२ चा, तेव्हाच्या आझमगड जिल्ह्यातील बीबीपूर गावचा. वडील पोलीस खात्यात होते. बोलताना किंचित अडखळणाऱ्या या मुलाने बाराव्या वर्षी विहिरीत उडी टाकून एका बुडत्या पोराला वर काढले, असे सांगतात. पुढे विलायतेत सँडहर्स्टचे लष्करी शिक्षण, मग बलुच रेजिमेंट आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशची आघाडी.

१९४७ साली फाळणी झाली आणि बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. उस्मानसाहेबांना तिकडे मोठ्या पदाची आमिषे दाखविण्यात आली. ते गेले नाहीत. त्यांनी डोग्रा रेजिमेंट पत्करली आणि थोड्याच दिवसांत ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे अधिपती म्हणून ते जम्मूकडील नौशेऱ्यास दाखल झाले. आपल्याकडील मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी पॅराशूट पलटण याच ब्रिगेडमध्ये होती, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

डिसेंबर १९४७ मध्ये झांगर हातचे गेले होते. ते परत मिळेपर्यंत खाटेवर पाठ टेकणार नाही, असा पण उस्मानसाहेबांनी केला आणि ऐन थंडीत ते जमिनीवर चटई टाकून निजू लागले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावर प्रचंड हल्ला आला, तो त्यांनी मोडून काढला. राजपूत रेजिमेंटचे नाईक जदुनाथसिंग यांनी परमवीरचक्र मिळविले ते याच दिवशी. शत्रूने उस्मानसाहेबांच्या शिरासाठी पन्नास हजारांचे इनाम लावले. १८ मार्च रोजी झांगर सर झाले, तेव्हा जवळच्या गावातून खाट मागवावी लागली. ब्रिगेडियरसाहेबांच्या छावणीत ती नव्हतीच!

हे झाले रणांगणावरचे. आता दुसरी बाजू ऐका. त्यांनी विवाह केला नाही, दारूला कधी हात लावला नाही, मांसाहारही सोडला होता. पगाराचा मोठा भाग गरीब मुलांच्या पोटापाण्यावर व शिक्षणावर जाई. नौशेऱ्यात त्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांची बालसेना उभी केली. लढाईत ही मुले निरोप पोहोचवीत. कोवळ्या पोरांना गोळीबारात धाडणे आज कुणालाही रुचणार नाही, मलाही रुचत नाही; पण त्या उजाड गावात या मुलांकडे माणूस म्हणून पाहणारा तोच एक अधिकारी होता की काय, असेही मनात येते.

३ जुलै १९४८ रोजी झांगर येथे तोफेचा गोळा जवळच येऊन पडला आणि ते शहीद झाले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. जनाजा दिल्लीस आणला गेला. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी, पंतप्रधान नेहरू आणि मौलाना आझाद हजर होते. मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

सैनिकाच्या मागे विधवेला पेन्शन असते, मुलांना सवलती असतात. त्या मिळविताना किती खेटे घालावे लागतात, हे माजी सैनिकांच्या घरी विचारावे. पण ज्याच्या मागे बायको नाही, मूल नाही, त्याचे देणे फेडायचे कोणाला? डिसेंबर २०२० मध्ये ही कबर भंगलेल्या अवस्थेत असल्याचे वृत्तपत्रांत आले. देखभाल कोणी करायची, कुटुंबाने की आणखी कोणी, यावर चर्चा झाली. अखेर सैन्यदलाने ती स्वतःकडे घेतली आणि कबर नीट बांधून काढली. आता ३ जुलैला तिथे लष्कराचे अधिकारी पुष्पचक्र ठेवतात. झांगरलाही, जिथे ते पडले त्या जागी, त्यांचे स्मारक आहे.