मेल्यावर १२ वर्षांनी ज्याची हाडं जाळली, त्या डॉक्टरने कोकणातल्या झाडांची नावं जगाला सांगितली

रायगडच्या किनाऱ्यावर, आगरदांड्यासारख्या गावांत अंगावर पित्त उठलं की आजही आमसुलाचं पाणी लावतात. सांधा सुजला की निगडीचा पाला गरम करून बांधतात. याच झाडांची इथली नावं साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी एका परदेशी डॉक्टरने पुस्तकात छापली.

त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या एका ज्यू घरात झाला. स्पेनने ज्यूंना हाकललं म्हणून आईवडील तिथे आले होते, पण पोर्तुगालनेही त्यांना बळजबरीने ख्रिश्चन केलं. वैद्यकी शिकलेला ओर्ता १५३४ मध्ये जहाजाने गोव्यात आला आणि कायमचा इथलाच झाला.

तेव्हा आगरदांड्याचा हा किनारा अहमदनगरच्या निजामशाहीत होता. जवळच्या चौलला पोर्तुगीजांचं ठाणं होतं. बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायला ओर्ता अहमदनगरला जायचा. तिथे त्याची हकिमांशी चर्चा व्हायची. पुढे मुंबई बेटही त्याला खंडाने मिळालं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येतात, याचं त्याला भारी कौतुक होतं.

त्या काळात युरोपातले डॉक्टर ग्रीक ग्रंथांत लिहिलंय तेच खरं मानायचे. ओर्ता मात्र झाड स्वतः बघायचा आणि इथल्या लोकांना विचारायचा. आपल्या औषधाने गुण आला नाही, की तो इथल्या वैद्यांचं औषध द्यायचा.

हे सगळं त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज पुस्तकात मांडलं. दोन डॉक्टरांच्या गप्पा, असं त्याचं रूप आहे. प्रत्येक औषधाला कुठल्या भाषेत काय म्हणतात, हे तो सांगत जातो. त्यात करवंद, जांभूळ, फणस आहेत. भिरंड, म्हणजे आपलं कोकम, ‘ब्रिंदांव’ म्हणून येतं. चोर जेवणात धोतरा घालून माणसाला कसे गुंगवतात, तेही आहे. पटकी, म्हणजे कॉलरा, या रोगाचं वर्णन करताना त्याने इथला ‘मोडशी’ हा शब्दही नोंदवला.

१५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतीतज्ज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि ही माहिती युरोपभर गेली.

पण गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय बसलं होतं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याचं घराणं लपून ज्यू धर्म पाळतं, असा आरोप झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून तीही जाळली.

नावं मात्र टिकली. निगडीचं शास्त्रीय नाव आजही ‘व्हायटेक्स निगुंडो’ आहे, करवंदाचं ‘कॅरिसा करंडास’. पणजीच्या बागेलाही ओर्ताचं नाव आहे. ज्या वैद्यांनी त्याला झाडं ओळखायला शिकवलं, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं मात्र कुठेच लिहिलेली नाहीत.