लिओनार्दो दा विंचीची टू-डू लिस्ट : पुढचं काम पक्कं, पण प्रोजेक्ट कुठला?

मोनालिसा काढणारा लिओनार्दो दा विंची सगळ्यांनाच माहीत आहे. पण तो टू-डू लिस्ट लिहिण्यातही पटाईत होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. तुमच्या टास्क ॲपमध्ये शंभर कामं साठली असतील आणि रोज त्यातली दोन-चार टिक होऊनही मोठं काही पूर्ण होत नसेल, तर त्याची गोष्ट वाचाच.

त्याचा जन्म १५ एप्रिल १४५२ चा, इटलीतला. वडील नोटरी, पण त्यांचं आणि त्याच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे वडिलांचा पेशा त्याला बंद होता. तो फ्लॉरेन्समध्ये वेरोक्कियो या कलाकाराच्या कार्यशाळेत शिकला. १४८१ मध्ये तिथल्या मठवाल्यांनी त्याला एक मोठं चित्र सांगितलं. ते अर्धवट टाकून तो पुढच्याच वर्षी मिलानला गेला. मठवाल्यांनी वाट पाहिली आणि शेवटी पंधरा वर्षांनी दुसऱ्याच चित्रकाराकडून चित्र करून घेतलं.

मिलानमध्ये त्याच्या वह्या भरायला लागल्या. आज त्यातली सात हजारांच्या आसपास पानं शिल्लक आहेत. १४९० च्या सुमाराची एक यादी प्रसिद्ध आहे. शहराचं मोजमाप काढायचं आहे. गणिताच्या मास्तरांकडून त्रिकोणाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस कसा करायचा ते शिकायचं आहे. पोर्तिनारी नावाच्या माणसाला फ्लँडर्समध्ये लोक बर्फावरून कसे जातात हे विचारायचं आहे. कालवा आणि पाणचक्की दुरुस्त कशी करतात, हे सांगणारा जाणकार गाठायचा आहे.

ही कामं नीट बघा. ॲपच्या भाषेत याला नेक्स्ट ॲक्शन म्हणतात, म्हणजे लगेच उठून करता येईल असं एक ठोस काम. 'कालव्याचा अभ्यास' असं लिहिलं की ते काम तसंच पडून राहतं. 'अमक्याला भेटून विचारणे' लिहिलं की पाय हलतात. हे त्याला बरोबर जमलं होतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांना आजही जमत नाही.

मग अडलं कुठे? यादीत सगळं एकाच रांगेत होतं. बर्फाचा प्रश्न कुठल्या प्रोजेक्टचा? आणि तो आज विचारला नाही तर काय बिघडणार होतं?

कारण त्याच काळात त्याच्या हातात एक प्रचंड काम होतं. मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला आपल्या वडिलांच्या स्मारकासाठी काशाचा घोडा हवा होता, सात मीटरहून उंच. २३ एप्रिल १४९० ची लिओनार्दोची नोंद आहे, की घोड्याचं काम पुन्हा सुरू केलं. गंमत म्हणजे त्याच नोंदीत एक नवीन वहीही सुरू केल्याचं लिहिलंय, प्रकाश आणि सावलीवरची! दोन प्रोजेक्ट, एकच दिवस, प्रायॉरिटी कुणालाच नाही.

१४९३ मध्ये घोड्याचा मातीचा नमुना लोकांसमोर आला. आता ओतकाम बाकी होतं. पण १४९४ मध्ये युद्धाचं सावट आलं आणि घोड्यासाठी साठवलेलं सुमारे सत्तर टन कासं तोफांसाठी गेलं. १४९९ मध्ये फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरलं, त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. आता युद्ध काही लिओनार्दोने आणलं नव्हतं, हे मान्य. पण घोडा पुढे-मागे होत राहिला आणि हातातली वर्षं निघून गेली, हेही खरंच.

आज हाच घोडा टुडूइस्टमध्ये असता तर? 'घोडा' हा एक प्रोजेक्ट, त्यात पुढचं एकच काम, 'ओतकामाच्या भट्टीची जागा ठरवणे', त्याला पी-वन. बर्फाचा प्रश्न वेगळ्या प्रोजेक्टमध्ये, पी-फोर. गूगल टास्क्स वापरत असाल तर प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी लिस्ट करा आणि प्रत्येकीतल्या पुढच्या एकाच कामाला स्टार द्या. मग सकाळी फक्त स्टारवाली यादी उघडायची. दहा लिस्टमध्ये दहा स्टार दिसले, तर काही प्रोजेक्ट सरळ 'नंतर कधीतरी' या लिस्टमध्ये हलवा. लिओनार्दोला नेमकं हेच जड गेलं असतं, कारण त्याला सगळ्यातच रस होता.

पुढेही तेच. फ्लॉरेन्सच्या सभागृहातलं लढाईचं भित्तिचित्र त्याने अर्धवट सोडलं. शरीररचनेची अप्रतिम चित्रं काढली, पण त्यांचं पुस्तक त्याच्या हयातीत निघालंच नाही. २ मे १५१९ ला फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं. वह्या त्याच्या शिष्याकडे, मेल्झीकडे गेल्या आणि मग पांगल्या. काही पानं तर नंतरच्या एका संग्राहकाने कापून नव्याने चिकटवली.

घोड्याच्या ओतकामाची टिपणं असलेली वही १९६५ मध्ये सापडली, माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. ती तिथेच होती, फक्त चुकीच्या नंबरखाली लावलेली.