दामोदर धर्मानंद कोसंबी : अनेक विद्यांचा एक अभ्यासक

दहावीचा निकाल लागला की कल्याण, ठाणे, भिवंडी भागातील घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला सायन्सला घालायचे की कॉमर्सला? मार्क कमी पडले तर मग आर्ट्स आहेच! इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे विषय म्हणजे नाइलाजाने घ्यावयाचे विषय, अशी आपल्यातील बहुसंख्य पालकांची समजूत असते. ही समजूत किती चुकीची आहे हे ज्यांच्या चरित्रावरून सहज पटावे, अशा एका थोर संशोधकाची ओळख विद्यार्थ्यांना आणि पालकांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. हे संशोधक म्हणजे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी. व्यवसायाने ते गणिताचे प्राध्यापक होते, परंतु जगात त्यांचे नाव झाले ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे नामवंत पंडित होते. ज्ञानाच्या ओढीने त्यांनी तरुणपणी घर सोडले होते आणि मोठ्या हालअपेष्टा सोसून विद्या मिळविली होती. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ग्रंथसंपादनासाठी बोलावून घेतले. १९१८ साली ते पुन्हा तिकडे गेले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर होता. त्याचे पुढील शिक्षण तेथेच झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत मिळविली. गणिताबरोबरच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या. घरात मराठी व कोकणी होतीच, पुढे संस्कृतवरही त्यांनी स्वतःच्या मेहनतीने प्रभुत्व मिळविले. पीएच.डी. मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.

१९२९ साली मायदेशी परतल्यावर प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी दोन वर्षे गणित शिकविले. त्यानंतरचा मुक्काम होता अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा. त्या वेळी सर सय्यद अहमद खान यांचे नातू सर रॉस मसूद हे तेथे कुलगुरू होते. जेथून मिळेल तेथून गुणी माणूस आणावा, असे त्यांचे धोरण होते. आंद्रे वेल नावाच्या अवघ्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाला त्यांनी गणित विभागाचा प्रमुख नेमले होते. हा तरुण पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक ठरला. वेल यांच्याच निमंत्रणावरून १९३१ मध्ये कोसंबी अलीगढला आले आणि १९३३ पर्यंत तेथे राहिले. मुस्लिम समाजाने उभारलेल्या या विद्यापीठात एक फ्रेंच ज्यू आणि एक गोमंतकीय हिंदू घरातील तरुण असे दोघे मिळून वर्ग घेत होते. विद्येला जात, धर्म वा देश नसतो याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

१९३३ पासून पुढे सुमारे बारा वर्षे ते पुण्याच्या फर्गसन कॉलेजात होते. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. याच काळात त्यांच्या अभ्यासाला अनपेक्षित वळण लागले. संख्याशास्त्राचा एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाताशी असावा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी अभ्यासासाठी घेतली. चांदीच्या तुकड्यांवर ठसे मारलेली ही नाणी आपल्या देशातील सर्वांत जुनी. त्यांच्यावर ना राजाचे नाव, ना साल. मग ती कोणत्या काळातली हे ठरवावे कसे?

कोसंबींनी विचार केला तो अगदी साधा. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते आणि त्याचे वजन घटते. जितके अधिक फिरले तितके वजन कमी. तेव्हा एकाच ठिकाणी सापडलेली नाणी अचूक तोलली, तर कोणती आधीची व कोणती नंतरची याचा अंदाज बांधता येईल. ही कल्पना खरी की खोटी हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही हजारोंनी तोलून पाहिली. त्यांवर साल छापलेले असल्याने पडताळा घेणे सोपे होते. नवी-जुनी मिळून सुमारे १२,००० नाणी त्यांनी तराजूवर तोलली, असे सांगतात. तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागील बाजूवरील लहान ठसेही त्यांनी मोजले. ज्या नाण्यावर असे ठसे अधिक, त्याचे वजन सरासरीने कमी भरते, असे त्यांना आढळले. नाणे व्यापाऱ्यांच्या हाती पुनःपुन्हा तपासले जाई, त्याची ती खूण. गणित, अर्थव्यवहार आणि पुरातत्त्व ही तीन शास्त्रे येथे एका तराजूत आली!

परंतु नाणी कोणी पाडली, हे विचारताच राजे आले. राजे आले म्हणजे शेती, व्यापार, कर आणि समाजरचना आली. इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या नव्हेत, तर त्या त्या काळी माणसे अन्न कसे पिकवीत, हत्यारे कशाची करीत आणि त्यांच्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरी पडे याचा शोध होय, अशी त्यांची भूमिका बनली. मार्क्सच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता, परंतु तयार साच्यात भारताचा इतिहास कोंबणे त्यांना मान्य नव्हते. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा परिचय करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयाच्या अभ्यासाची दिशाच पालटली.

दरम्यान डॉ. होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले होते. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत. डेक्कन क्वीनने ते जा-ये करीत. म्हणजे वर्षानुवर्षे हा माणूस आपल्या कल्याण-ठाण्यावरून येत-जात होता! गाडी ज्या घाटातून उतरे, त्याच सह्याद्रीच्या घाटवाटांनी दोन हजार वर्षांपूर्वी बैलांचे तांडे कोकणात उतरत. हा जुना व्यापारी मार्ग कोसंबींच्या संशोधनाचा एक मुख्य विषय होता.

आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की कल्याण हे त्या काळी नावाजलेले बंदर होते? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात कल्याणचे नाव आहे. तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात नमूद आहे. ठाण्याच्या पलीकडील डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सोनाराची, लोहाराची दाने कोरलेली आहेत. मुरबाडच्या पुढे नाणेघाट आहे. या घाटातून वाट जुन्नरला चढते. घाटमाथ्यावर असलेला दगडी रांजण पथकर गोळा करण्यासाठी होता, असे मानतात.

कार्ले, जुन्नर येथील लेणी अशा वाटांवरच का खोदली गेली, हा प्रश्न कोसंबींनी विचारला. त्यांचे उत्तर असे की, हे विहार केवळ भिक्षूंचे निवासस्थान नव्हते. तांड्यांना तेथे आसरा मिळे, विहारांकडे दानाचा पैसा साठे, आणि तो व्यापाराच्या कामी येई. नाशिकच्या एका लेखात तर ३,००० कार्षापणांची ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवून तिच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च भागविल्याचा उल्लेख आहे. खेडे बहुतेक गोष्टींत स्वयंपूर्ण असले, तरी मीठ आणि धातू बाहेरूनच आणावे लागत, याकडेही कोसंबींनी लक्ष वेधले. कोकणच्या मिठागरांतले मीठ घाटावर का चढे, याचा उलगडा त्यातून होतो.

हे सर्व त्यांनी केवळ ग्रंथालयात बसून केले नाही. सुटीच्या दिवशी ते पुण्याभोवतालचे डोंगर पायी तुडवीत. अश्मयुगातील बारीक दगडी हत्यारे वेचीत. शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी पाहात, आणि धनगर, शेतकरी यांच्याशी बोलून जुन्या चालीरीती टिपून घेत. गावच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाकडेही इतिहासाचा पुरावा असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. शेकडो हस्तलिखिते पडताळून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये काढली. १९४४ साली आनुवंशिकीसाठी त्यांनी मांडलेले एक गणिती सूत्र त्यांच्याच नावाने जगभर वापरले जाते.

त्यांच्या आयुष्यात अपयश नव्हते असे मात्र नाही. स्वभाव तापट, जीभ तिखट, त्यामुळे सहकाऱ्यांशी खटके उडत. गणितातील एक सुप्रसिद्ध कूटप्रश्न सोडविल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या लौकिकाला धक्का बसला. अणुऊर्जेपेक्षा आपल्या देशाला सूर्याची ऊर्जा अधिक उपयोगी, असे मत ते उघडपणे मांडीत. ते त्या काळी अनेकांना रुचले नाही. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढविण्यात आला नाही. परंतु लेखणी थांबली नाही. प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता यांवरील त्यांचा गाजलेला ग्रंथ १९६५ मध्ये, नोकरी गेल्यानंतरच प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वयाची एकोणसाठ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २००८ साली भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रातून घ्यावयाचा बोध एवढाच की, विषयांच्या भिंती या वेळापत्रकात असतात, प्रश्नांना त्या ठाऊक नसतात. गणितात हुशार असलेल्याने इतिहास वाचावा आणि इतिहास घेतलेल्याने हिशेबाला भिऊ नये. संशोधनासाठी परदेशीच जावे लागते असेही नाही. कान्हेरी, सोपारा, नाणेघाट आणि कल्याणची खाडी आपल्या अंगणातच आहेत. पालकांनाही एक विनंती. उद्या आपला मुलगा वा मुलगी अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकू इच्छीत असेल, तर पुढे काय मिळणार, असे विचारून त्यांना नाउमेद करू नका. त्या मुलाच्या मनात प्रश्न कोणता आहे, हे आधी विचारा. तो प्रश्न खरा असेल, तर त्याला बळ द्या.