रॉबर्ट बॉश
रॉबर्ट ऑगस्ट बॉश (जन्म : आल्बेक, जर्मनी, २३ सप्टेंबर १८६१; मृत्यू : श्टुटगार्ट, १२ मार्च १९४२) हे जर्मन यंत्रकार, अभियंते आणि उद्योजक होते. इंजिनातील इंधन पेटवणाऱ्या मॅग्नेटो या उपकरणाला त्यांच्या कार्यशाळेने भरवशाचे रूप दिले. मॅग्नेटोचा शोध बॉश यांनी लावलेला नाही. दुसऱ्याने बनवलेले उपकरण पारखून त्यातील उणिवा दूर करणे, हे त्यांच्या कार्यशाळेचे वैशिष्ट्य होते. गवत कापण्याचे यंत्र, चेनसॉ, फवारणी पंप यांसारख्या यंत्रांवरील लहान पेट्रोल इंजिने आजही बॅटरीशिवाय केवळ दोरी ओढून सुरू होतात, ती याच तत्त्वामुळे.

बालपण आणि शिक्षण

बॉश यांचा जन्म उल्म शहराजवळील आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांमध्ये ते अकरावे होते. त्यांचे वडील शेती सांभाळून प्रवाशांसाठी खानावळ चालवत. उल्म येथील शालेय शिक्षणानंतर १८७६ ते १८७९ या काळात त्यांनी सूक्ष्मयंत्र कारागिराकडे उमेदवारी केली. मात्र तेथे मिळालेल्या शिक्षणाबाबत ते समाधानी नव्हते. पुढे त्यांनी निरनिराळ्या कारखान्यांत काम केले. १८८४ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि एडिसन यांच्या उद्योगात काही काळ राहिले. त्यानंतर इंग्लंडमध्ये सीमेन्स ब्रदर्सकडे काम करून ते मायदेशी परतले.

कार्यशाळेची सुरुवात

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी बॉश यांनी श्टुटगार्ट येथे सूक्ष्मयंत्र व विद्युत कामांची कार्यशाळा उघडली. त्यांच्यासोबत एक कारागीर आणि एक पोरगा एवढेच मनुष्यबळ होते. दूरध्वनी व विजेच्या घंटा बसवणे, उपकरणांची दुरुस्ती करणे अशी मिळतील ती कामे ते करत. सुरुवातीची अनेक वर्षे ओढगस्तीची गेली. ग्राहकांकडे ते सायकलवरून जात.

१८८७ मध्ये एका ग्राहकाने त्यांच्याकडे इंजिनासाठी मॅग्नेटोची मागणी केली. तसे उपकरण डॉइट्झ येथील कारखान्याच्या इंजिनावर होते. बॉश यांनी शोर्नडॉर्फ येथे जाऊन ते पाहिले, त्यावर एकस्व नसल्याची खात्री करून घेतली आणि आपल्या कार्यशाळेत सुधारित मॅग्नेटो तयार केला. ही इंजिने एका जागी बसवलेली आणि संथ गतीने चालणारी असत.

मॅग्नेटोतील सुधारणा

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी द दियाँ-बुताँ बनावटीची मोटारीवरील तिचाकी बॉश यांच्याकडे पाठवली. तिचे इंजिन जुन्या मॅग्नेटोला झेपणार नाही इतक्या वेगाने फिरत होते. कार्यशाळेतील आर्नोल्ड त्सेहरिंगर यांनी दोषाचे मूळ शोधले. तारांचे वेटोळे असलेला जड भाग वेगाने हलवणे अवघड होते. म्हणून त्यांनी तो स्थिर ठेवला आणि त्याच्याभोवती धातूची हलकी नळी हेलकावत ठेवण्याची रचना केली. त्यामुळे मॅग्नेटो वेगवान वाहनावर वापरता येऊ लागला.

या मॅग्नेटोत ठिणगीसाठी सिलिंडरच्या आत संपर्क जोडण्या-तोडण्याची यांत्रिक व्यवस्था लागे. ती झिजत असे व तिची देखभाल कटकटीची होती. १९०२ मध्ये गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. सिलिंडरमधील हलते भाग त्यामुळे नाहीसे झाले. १९०६ मध्ये कारखान्याने एक लाखावा मॅग्नेटो तयार केला.

लहान इंजिनांतील उपयोग व दोषनिदान

लहान इंजिनात चक्रावर बसवलेले चुंबक कॉइलजवळून फिरते. कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात निर्माण झालेला प्रवाह ऐन वेळी खंडित केला जातो आणि दुसऱ्या वेटोळ्यात उच्च दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. प्रवाह खंडित करण्याचे काम पूर्वी पॉइंट व कंडेन्सर करत. आता ते बहुधा इलेक्ट्रॉनिक भाग करतो.

असे इंजिन सुरू होत नसल्यास कारागीर ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन या तीन गोष्टी क्रमाने तपासतो. अनेकदा दोरी ओढूनही प्लग कोरडा निघाला, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नसल्याचा संशय येतो व कार्ब्युरेटरकडे वळावे लागते. प्लग ओला असेल, तर इंधन पोहोचते पण पेटत नाही, असे अनुमान निघते. ठिणगी नसल्यास प्रथम प्लग बदलून पाहतात. त्यानंतर इंजिन बंद करण्याच्या बटणाची तार सुटी करतात. ती सोलवटून इंजिनाच्या धातूला टेकत असेल, तर चांगली कॉइलही निकामी भासते. चुंबक व कॉइल यांतील अंतर सर्वसाधारणपणे पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ते वाढल्यास ठिणगी क्षीण होते. चक्राची चावी तुटल्यास ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी.

कामगारविषयक धोरण

बॉश यांनी १९०६ मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. १९१३ मध्ये उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण कार्यशाळा सुरू झाली. त्याच वर्षी कारखान्यात संपही झाला व कामगारांशी असलेल्या संबंधांत कटुता आली. पहिल्या महायुद्धात मिळालेल्या नफ्याचा मोठा वाटा त्यांनी लोकोपयोगी कामांना दिला. युद्धात कंपनीची अमेरिकेतील मालमत्ता जप्त झाली. १९२१ मध्ये थोरला मुलगा दीर्घ आजाराने मरण पावला.

नाझी काळ

बॉश यांचा नाझी राजवटीला विरोध होता. कार्ल गोर्डेलर या राजवटीच्या विरोधकाला त्यांनी १९३७ मध्ये कंपनीचे सल्लागार म्हणून आश्रय दिला. छळ होणाऱ्या ज्यू लोकांनाही कंपनीकडून मदत झाली. त्याच वेळी कंपनी युद्धसामग्रीचे उत्पादन करत होती आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यांत वेठीच्या मजुरांना राबवले गेले. बॉश यांच्या मूल्यमापनात या दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्याच राजवटीने त्यांचा अंत्यविधी शासकीय इतमामाने केला.

वारसा

श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. कंपनीचे नव्वद टक्क्यांहून अधिक भागभांडवल आज त्यांच्या नावाच्या न्यासाकडे असून लाभांश सार्वजनिक कार्यासाठी वापरला जातो. भारतात १९५१ मध्ये मोटार इंडस्ट्रीज कंपनी (मायको) स्थापन झाली. नाशिकच्या सातपूर परिसरातील तिच्या कारखान्यामुळे मायको हे नाव महाराष्ट्रात परिचित झाले. आता ही कंपनी बॉश याच नावाने ओळखली जाते.