डॉ. इलियट जॉस्लिन : मधुमेही मुलांचे शिक्षक

मधुमेह हा फक्त मोठ्या माणसांचा आजार, असा आपल्याकडे समज आहे. पण टाइप वन मधुमेह लहान मुलांनाही होतो. त्यात शरीरात इन्सुलिन तयार होणे जवळजवळ थांबते. अशा मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. इलियट जॉस्लिन यांचा हा परिचय.

६ जून १८६९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑक्सफर्ड या गावी त्यांचा जन्म झाला. १८९५ मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले आणि पुढे बोस्टन येथे त्यांनी दवाखाना सुरू केला. त्यांच्या आईलाही मधुमेह झाला. काटेकोर आहारामुळे ती दहा वर्षांहून अधिक जगली. मुलांसाठी मात्र उपाय नव्हता. त्यांना अर्धपोटी ठेवून आयुष्याचे काही महिने वाढवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि ऑगस्ट १९२२ मध्ये जॉस्लिन ते वापरू लागले. मरणाच्या दारातली मुले पुन्हा खेळू लागली. पण पंधरा-वीस वर्षांनी यांतल्याच काहींचे डोळे आणि मूत्रपिंडे ऐन तारुण्यात निकामी होऊ लागली. मुलांना हवे ते खाऊ द्यावे, साखर थोडी वाढली तरी चालेल, असे काही डॉक्टर म्हणत. जॉस्लिन यांना ते पटेना. रक्तातील वाढलेली साखरच मूत्रपिंडातील बारीक गाळण्या खराब करते, असे त्यांचे ठाम मत होते.

म्हणून ते रुग्णांना शिकवू लागले. १९१८ मध्येच त्यांनी रुग्णांसाठी सोपे पुस्तक लिहिले होते. बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. निळा रंग राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर, हे मुले स्वतः तपासू लागली. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे, असे ते समजावत. त्यांची शिस्त अनेकांना जाचक वाटे. त्यांच्याजवळ अनुभव होता, पक्का पुरावा नव्हता.

२८ जानेवारी १९६२ रोजी ते वारले. पुरावा मिळाला १९९३ मध्ये! अमेरिका व कॅनडातील १३ ते ३९ वयाच्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात, साखर नीट आटोक्यात ठेवल्यास मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका सुमारे निम्म्याने कमी होतो, असे दिसले.

पालकहो, मूत्रपिंड बिघडू लागले तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हापासून दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी आणि रक्तदाबाची नोंद चुकवू नये. आणि मुलांनो, वर्गातला मित्र मध्येच इन्सुलिन घेत असेल, डबा उघडत असेल किंवा लघवीला जाण्याची परवानगी मागत असेल, तर त्याला हसू नका. तो आपला रथ सांभाळत आहे.