न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि सत्तेच्या सीमारेषा

भारतीय संविधानाने राज्यसत्तेचे विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ असे विभाजन केले आणि नागरिकांच्या मूलभूत हक्कांची मर्यादा त्या सत्तेस घालून दिली. ही वाटणी ग्रंथात सुस्पष्ट दिसते. परंतु सत्तेची दोन अंगे परस्परांसमोर उभी ठाकली म्हणजे त्यांमधील सीमारेषा नेमकी कोठून जाते, हे कोणास तरी सांगावे लागते. १९६४ साली असा प्रसंग उद्भवला, तेव्हा ही जबाबदारी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्यावर येऊन पडली.

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे झाला. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे पंडित असल्याने शास्त्राध्ययनाचा वारसा त्यांना घरातूनच लाभला. धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय व पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. १९२४ साली ते एम. ए. झाले आणि १९२६ साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिलीस प्रारंभ केला. वकिली चालू असतानाच त्यांनी हिंदू कायद्यास वाहिलेल्या एका त्रैमासिकाचे संपादन केले, तसेच नंदपंडितांच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एका वचनाचा अर्थ दुसऱ्यास बाध न आणता लावावा, ही मीमांसकांची रीत होय. संविधानातील विरोधी भासणाऱ्या तरतुदींचा मेळ घालताना गजेंद्रगडकरांनी याच वृत्तीने विचार केलेला दिसतो.

१९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व जानेवारी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. कामगार आणि मालक यांच्यातील तंट्यांविषयीच्या त्यांच्या निर्णयांनी औद्योगिक न्यायाचा पाया घातला गेला. तथापि त्यांच्या विचाराची खरी कसोटी लागली ती नागरिक आणि राज्यसत्ता यांच्यातील वादांत.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी घोषित झाली. राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाकडे जाण्याचा अधिकार भारत संरक्षण कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांपुरता स्थगित झाला. माखनसिंग खटल्यात सप्टेंबर १९६३ मध्ये बहुमताचा निर्णय गजेंद्रगडकरांनी लिहिला. या हक्कांच्या आधारे दाद मागता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले, न्या. सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. असे असले तरी बहुमताने दार पूर्णपणे लावून घेतले नाही. स्थानबद्धता दुष्ट हेतूने झाली असेल, किंवा ज्या कायद्याखाली ती झाली त्याच्याच बंधनकारक अटी मोडल्या गेल्या असतील, तर नागरिकास न्यायालयात येता येईल, असे त्या निर्णयाने स्पष्ट केले. या उघड्या राहिलेल्या वाटेनेच सप्टेंबर १९६५ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांची मुक्तता झाली.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले आणि दीड महिन्यातच उत्तर प्रदेशात अभूतपूर्व पेच निर्माण झाला. गोरखपूरचे केशव सिंह यांनी एका आमदारावर आरोप करणारे पत्रक काढले होते. विधानसभेने त्यांना सदनाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवून १४ मार्चला सात दिवसांसाठी तुरुंगात धाडले. १९ मार्चला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठातील दोन न्यायाधीशांनी त्यांना जामीन दिला. यावर विधानसभेने २१ मार्चला ठराव केला, की केशव सिंह, त्यांचे वकील व ते दोन न्यायाधीश यांना अटकेत घेऊन सदनापुढे उभे करावे. न्यायाधीशांनी आपल्याच न्यायालयाकडे धाव घेतली. अठ्ठावीस न्यायाधीशांच्या पूर्णपीठाने ठरावास स्थगिती दिली. एका सामान्य कार्यकर्त्याच्या सात दिवसांच्या कैदेतून राज्यव्यवस्थेची दोन अंगे परस्परांवर हुकूम सोडू लागली. २६ मार्चला राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ अन्वये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठविला.

विधानसभेचे म्हणणे असे, की ब्रिटिश कॉमन्स सभेचे विशेषाधिकार अनुच्छेद १९४ ने तिला लाभले असून तिच्या अटकपत्राची चिकित्सा न्यायालयास करता येत नाही. सात न्यायाधीशांपुढे सुनावणी होऊन ३० सप्टेंबर १९६४ रोजी गजेंद्रगडकरांनी बहुमताचे मत दिले, न्या. सरकार यांचे मत वेगळे होते. इंग्लंडमध्ये संसद सार्वभौम आहे, भारतात संविधान सर्वश्रेष्ठ आहे, हा भेद त्यांनी विवेचनाच्या मुळाशी ठेवला. कॉमन्सचा तो अधिकार तेथील विशिष्ट इतिहासातून उपजला होता. आपली विधिमंडळे कधीच न्यायपीठे नव्हती. सदनाबाहेरील नागरिकाने स्वातंत्र्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले तर ते उघडण्याचा अधिकार अनुच्छेद २२६ न्यायालयास देतो. न्यायाधीशाच्या कर्तव्यविषयक वर्तनाची चर्चाही विधिमंडळात करण्यास अनुच्छेद २११ मनाई करतो. मग त्याला अटकेत आणविण्याचा अधिकार सदनास कोठून असणार? त्याच वेळी सदनाच्या अंतर्गत कामकाजाचे स्वातंत्र्य त्यांनी अबाधित ठेवले. पुढे १९६५ मध्ये केशव सिंहांची याचिका उच्च न्यायालयाने गुणदोषांवर फेटाळली. नागरिकास दाद मागता येते, याचा अर्थ त्याची दाद लागलीच पाहिजे असा नव्हे, हेही यावरून दिसून आले.

मात्र संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबाबत गजेंद्रगडकरांनी संयमाचा पक्ष घेतला. ऑक्टोबर १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात त्यांनी सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरविली व मूलभूत हक्कांतही संसदेस बदल करता येतो असे मानले. त्या पीठातील दुसरे महाराष्ट्रीय न्यायाधीश जनार्दन मुधोळकर यांनी मात्र संविधानाच्या मूलभूत लक्षणांना हात लावणे ही दुरुस्ती ठरेल काय, अशी शंका उपस्थित केली. १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयात ती शंका सिद्धांतरूपाने प्रतिष्ठित झाली.

१५ मार्च १९६६ रोजी निवृत्त झाल्यावर गजेंद्रगडकरांनी राष्ट्रीय कामगार आयोगाचे व १९७१ पासून विधी आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरूही होते. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण लाभले. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

१९६३ साली त्यांनी उघडी ठेवलेली वाट १९७६ च्या जबलपूर खटल्यात बहुमताने बंद झाली. नागरिकाचे जीवित व स्वातंत्र्य केवळ न्यायाधीशाच्या अर्थनिर्णयावर विसंबून ठेवता येत नाही, हे त्या अनुभवाने शिकविले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित होऊ नये अशी तरतूद केली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचा निर्णय रद्दबातल ठरविला. गजेंद्रगडकरांच्या संयमाची मर्यादा यातून कळते, तसेच त्याचे मोलही. भारतात कोणतेही सदन, कोणतेही शासन किंवा कोणतेही न्यायालय स्वतःच्या अधिकाराचे मूळ संविधानाबाहेर शोधू शकत नाही, हा १९६४ चा धडा त्यांनी देशास दिला. दोन सत्तांच्या संघर्षात सामान्य कैद्याची याचिका ऐकली जाण्याचा हक्क त्यांनी दृष्टीआड होऊ दिला नाही, यातच त्यांच्या न्यायदानाचे सार आहे.